भरत आलेल्या गुंडाचा आवाज

रेल्वेनं थेट भंडाऱ्यात उतरता येत नाही. गाडी थांबते ती वरठीला. फलाटावर पाटी असते ‘भंडारा रोड’, आणि गाव तिथून बरंच पुढे. लहानपणी मला याचा राग यायचा. मुंबई-हावड्याच्या गाड्या धडधडत निघून जातात आणि आमचं जिल्ह्याचं गाव आपलं बाजूलाच! आजी म्हणायची, “राहू दे ना गा. ज्याले यायचं, त्याले रस्ता सापडते.”

भंडारा म्हणजे मूळचं भाणारा, आणि भाणं म्हणजे ताट, असं सांगतात. व्युत्पत्तीचं पंडित पाहतील. गावानं मात्र ती हातोडीनं खरी करून दाखवली. पितळी भांडी म्हटली की इकडे भंडाऱ्याचंच नाव निघे. आजीच्या घरी पाणी भरायचा असाच एक पितळी गुंड होता, चिंचेनं घासून लख्ख केलेला. पाणी पडू लागलं की आधी तो खर्जात बोलायचा, मग भरता भरता त्याचा आवाज चढत जायचा. आजी चुलीपुढून न उठता सांगायची, “भरला. काढ.”

आता वाटतं, हा सगळा मुलूखच भांडी घडवणाऱ्यांचा. पाऊस इथे चांगला पडतो. पण अडवला नाही तर उतारानं वैनगंगेत जातो आणि भरात आलेलं धान तहानतं. म्हणून गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी जागोजागी पाळी घालून तलाव बांधले. तलाव, छोटी बोडी, धानाची बांधी, अशी पाण्याची उतरंड. कासार पितळेला आकार देत होता, कोहळी जमिनीला.

१९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, मालगुजारांच्या ताब्यातले तलाव सरकारजमा झाले. मालगुजारांच्या जुलमातून कुळं सुटली, ते बरंच झालं. पण तलाव साऱ्यांचे झाले आणि गाळ कोणाचाच राहिला नाही. पुढे १९८८ मध्ये वैनगंगेवर खाली गोसीखुर्दच्या धरणाची पायाभरणी झाली. आता भंडाऱ्याजवळच्या कारध्याच्या पुलावरून दिसते ती तुंबलेली, संथ वैनगंगा. धरणानं गावं उठवली. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून, कन्हानमधून वैनगंगेत येतं. धरण तेही अडवतं. काय धरायचं आणि काय सोडायचं, हे आजीला भांड्यागणिक ठाऊक होतं. एवढ्या मोठ्या भांड्याला ते कोण सांगणार?

आजी गेल्यावर घर आवरलं. गुंड मोडीत द्यायला बाजारात नेला. दुकानदारानं तो काट्यावर ठेवण्याआधी सवयीनं बोटानं वाजवला. घुमला. “जुनं काम आहे,” तो म्हणाला आणि किलोचा भाव सांगू लागला. मी गुंड उचलला आणि परत निघालो.

वरठीला पावसानं गाठलं. गुंड शेडच्या कडेला ठेवला होता. पत्र्यावरून निथळणारी धार नेमकी त्यात पडू लागली. गाडीची घोषणा झाली, लोक सामान उचलू लागले. मी तसाच कान देऊन उभा. आवाज अजून खर्जातच होता.