सरासरीची रेघ

ह्यूस्टनचा पुतण्या घरासाठी साठवलेल्या पैशातून श्लंबर्जेचे, म्हणजे आताच्या एसएलबीचे, शेअर घेणार आहे. "काका, भाव २०० दिवसांच्या सरासरीवर गेला की घेतोच!"

सरासरी मी सातवीला शिकवत असे. इथे रोज एक जुना भाव गळतो, एक नवा येतो, एवढेच. पण ही कंपनी तेल विकत नाही. तेलविहिरी खोदणाऱ्यांना सेवा पुरवते. तेल घसरले की खोदकामाचा खर्च आधी कापला जातो. २०१४ मध्ये शंभर डॉलरच्या वर गेलेला हा शेअर मार्च २०२० मध्ये पंधराच्याही खाली होता. अशा धंद्याला २०० दिवस कसे पुरणार?

मी त्याला २०० आठवड्यांची, जवळजवळ चार वर्षांची, रेघ काढायला लावली आहे. तीही मागचेच सांगते म्हणा! घराच्या पैशाचेही विचारले. त्यावर अजून उत्तर नाही.