शाळेला पाय फुटले!

मराठी भाषेत शाळा ‘भरते’. बाजार भरतो, जत्रा भरते, तशीच शाळाही भरते. पण बाजार कोण भरतो, असे विचारले तर वाणी, कुणबी, बागवान अशी दहा नावे सांगता येतात. शाळा कोण भरते? घंटा वाजली, की मुले आपोआप येऊन बसतात, अशी आपली भाबडी समजूत असते. मुले आली नाहीत, तर दोष मुलांचा. फार तर त्यांच्या आईबापांचा! घंटेला कोणी दोष देत नाही.

तो दोष घंटेच्या पदरात टाकणाऱ्या दोन बायका महाराष्ट्रात होऊन गेल्या, हे आठवले की मास्तरकीच्या पेशाचा मला अभिमान वाटू लागतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे धडे गिरवले होते. पुढे 1945 साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग मांडला, तेव्हा त्यांना साथ द्यायला आल्या अनुताई.

या अनुताईंचे मला फार कौतुक वाटते. 1910 साली मोरगावला जन्म. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला माजघरातला अंधार तेवढा येत असे. अनुताई मात्र शिकल्या, शिक्षिका झाल्या. दिवसा नोकरी करून 1937 साली रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या, आणि पदवी मिळवली ती 1961 साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी! मीही मॅट्रिकच. ‘पुढे का शिकला नाहीत?’ असे कोणी विचारले, की मी मनातल्या मनात वय मोजतो आणि म्हणतो, अजून वेळ आहे!

बोर्डीला बालवाडी निघाली खरी. पण वारल्यांच्या पाड्यांवरची मुले तिकडे फिरकेनात. तो काळच असा, की वेठबिगारीविरुद्ध वारली नुकते कुठे मान वर करून उभे राहत होते. शाळा म्हणजे साहेबलोकांचे काहीतरी, असे त्यांना वाटले तर नवल काय? तेव्हा या दोघींनी साधा विचार केला : मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच मुलाकडे जाईल. पाड्यावरच्या अंगणात शाळा भरू लागली, तीच अंगणवाडी. आधी हातपाय धुवायचे, नखे काढायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी आणि खेळ. बिया, शंखशिंपले, पाने, बांबूचे तुकडे हीच साधने. 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली मोठी मुले गुरे राखायला जात, तर शाळाही त्यांच्यामागून कुरणात गेली! ‘कुरणशाळा’ हा शब्द मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा कितीतरी वेळ नुसता घोळवत बसलो होतो. मुली धाकट्या भावंडांपायी घरी अडकत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तिचे नाव विकासवाडी.

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणेल. माझ्या वर्गात ते जुने झालेले नाही. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडच्या वस्त्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल फेडायची असते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ ठरतो आणि त्यांच्यामागे पोरेही जातात, ती उन्हाळ्यातच परततात. चौथीतली एक मुलगी गेल्या वर्षी आजीपाशी राहिली. पण तान्हा भाऊही मागे ठेवलेला, त्यामुळे वर्गात येईना. मी घरी जाऊन म्हटले, “बाय, त्यालाही घेऊन ये.” ती आली, कडेवर भावाला घेऊन. वरिष्ठांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाळ दोनदा रडले, एकदा फळ्याजवळ ओले केले; पण तिचा भागाकार चुकला नाही.

फडावरून परतलेल्या एका पोराला पाढे येत नव्हते. मी विचारले, “गाडीत मोळ्या किती बसतात रे?” त्याने थरावर थर रचत असा हिशेब मांडला, की मी खडू त्याच्याच हाती दिला. कोसबाडला शिंपले होते, इथे उसाच्या मोळ्या!

1975 साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण आणि अनुताईंना पुढे पद्मश्री मिळाली. पण मानपत्रांपेक्षा मला त्यांची चाल महत्त्वाची वाटते. पाड्यापर्यंतची ती पायपीट कोणत्याही अभ्यासक्रमात बसत नाही आणि तिच्यावाचून कोणताही अभ्यासक्रम पोहोचत नाही.

वाचकहो, फराळाचे ताट पुढे असताना एवढेच ध्यानात असू द्या : या घटकेला कितीतरी बिऱ्हाडे गाड्यांत बसत असतील. त्यांतल्या एखाद्या पोराच्या गाठोड्यात पाटीही बांधलेली असेल. ती पाटी फडावर कोणी उघडायला लावील का, एवढाच काय तो प्रश्न आहे.