ताकही फुंकून

हा लेख लिहावा की नाही, यावर आमच्या दोघांत बराच खल झाला. लिहायचा, पण नावं द्यायची नाहीत, असं ठरलं. मंडळाच्या गणपतीत आमच्या शेजारी बसून तुम्ही जेवलाही असाल. एवढी ओळख पुरे.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. नोकरी जाते की राहते अशा दिवसांत एका रात्री जमलं नाही. एवढंच. पण पुढच्या वेळी 'आज जमेल ना?' ही धास्ती आमच्याआधीच अंथरुणात येऊन बसली. मग एकाने लवकर झोपायचं, दुसऱ्याने उशिरापर्यंत टीव्ही बघायचा. बोलणं फक्त मुलांची शाळा आणि ग्रोसरीचं. एकीला वाटे, आपण नकोशा झालो. दुसऱ्याला वाटे, आपल्यात काही उरलं नाही. वर्षभरात 'वेगळं व्हायचं का?' इथवर मजल गेली.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. मधुमेहाने किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही असं होतं, म्हणून त्यांनी आधी सगळं तपासलं. शरीरात खोट नव्हती. त्यांनी एका थेरपिस्ट बाईंकडे पाठवलं. आम्हाला वाटलं, आता आमचं बालपण उकरणार! बाईंनी सांगितली मांजरांची गोष्ट.

दक्षिण आफ्रिकेतल्या जोसेफ वोल्पे या डॉक्टरांची ही मांजरं. पिंजऱ्यात विजेचा झटका बसल्यावर ती भुकेली असूनही तिथे अन्नाला तोंड लावीनात. वोल्पेंनी त्यांना आधी पिंजऱ्यापासून लांब खाऊ घातलं, मग थोडं जवळ, आणखी जवळ. शेवटी ती पिंजऱ्यातच जेवू लागली. भीती आणि स्वस्थपणा एका वेळी एका जिवात नांदत नाहीत, हे त्यातलं सूत्र. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९५८ सालचं.

आमचंही तेच! दुधाने तोंड पोळलं, म्हणून ताकही फुंकत होतो. शिवाय टाळलं की क्षणभर सुटल्यासारखं वाटे, आणि त्या बक्षिसामुळे टाळायची सवय पक्की होई.

उपाय मास्टर्स आणि जॉन्सन यांचा, १९७० च्या पुस्तकातला. पहिले काही आठवडे संबंध बंद! फक्त आळीपाळीने स्पर्श, तोही निवांत. पुढची पायरी नंतर. आधी आम्हाला हसू आलं. पण परीक्षाच रद्द झाल्यावर नापास कोण होणार?

बाईंनी एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली. याच शास्त्राच्या नावाने समलिंगी माणसांना 'बरं' करायला विजेचे झटकेही दिले गेले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. शिकवता येतं, म्हणून काहीही शिकवू नये.

र. धों. कर्व्यांनी १९२७ साली मुंबईत 'समाजस्वास्थ्य' काढून हे विषय मराठीत उघड मांडले, त्यापायी खटले सोसले. आणि आम्ही एवढे शिकलेसवरलेले, एकमेकांशीही बोललो नाही!

दोनदा गाडी मागे आली, पण आता टीव्ही लवकर बंद होतो. कुणाच्या घरी असं चाललं असेल, तर डॉक्टरांना विचारा. आम्ही नुसतं विचारायला एक वर्ष घालवलं.