पडलेला पहारेकरी

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात, फ्रँकोनिया नॉच उद्यानातील फ्लूम घळीच्या वाटेवर पादचाऱ्यांसाठी छपराचा एक लाकडी पूल आहे. खाली पेमिजेवॅसेट नदीचा खोल डोह आणि भोवती १३० फूट उंचीचे कडे. या कड्यावर पूर्वी सुमारे १७५ फूट उंचीचा एक पाइन वृक्ष शतकानुशतके उभा होता. लोक त्याला ‘सेंटिनल’, म्हणजे पहारेकरी म्हणत. सप्टेंबर १९३८च्या चक्रीवादळात तो उन्मळून पडला. त्याच्याच खोडाचा ६० फूट लांबीचा भाग पायाला घेऊन १९३९ साली हा पूल उभारण्यात आला.

अशा पुलावरील छप्पर वाटसरूंपेक्षा लाकडासाठी अधिक असते. पाऊस व बर्फ यांपासून तुळया कोरड्या राहिल्या, तरच पूल टिकतो.

आजाऱ्यांच्या भेटीला जातो, तेव्हा अंथरुणाला खिळलेले वृद्ध विचारतात, “फादर, आता आमचा काय उपयोग?” मी त्यांना या वृक्षाची कथा सांगतो. पडल्यावरही त्याने माणसांना पलीकडे नेले. परंतु कथा संपताना माझी नजर दाराशी उभ्या असलेल्या मुला-सुनांकडे वळते. ज्यांच्या आधारावर आपण दरी ओलांडली, त्यांच्यावर छप्पर धरणे हे ओलांडून आलेल्यांचेच काम आहे.