लेडनहॉल रस्त्यावरची कचेरी

एका दिवसात लंडन पाहून येणे म्हणजे पंढरपूरला जाऊन नामदेवाच्या पायरीवरूनच परत फिरणे होय. परंतु सरकारी नोकराच्या हाती नैमित्तिक रजा पडते ती एकेका दिवसाची, आणि आगगाडीचे भाडे आगाऊ काढले तरच परवडते. बर्मिंगहॅमच्या आपल्या वकिलातीत आमची नेमणूक झाल्यापासून हा बेत दोन वेळा ठरला व दोन वेळा मोडला. तिसऱ्या खेपेस मात्र आम्ही उभयता सकाळच्या गाडीने निघालो आणि दीड तासात युस्टन स्थानकावर उतरलो. सौ.ला राजवाडा व टेम्स नदी पाहावयाची होती; आम्हाला एक कचेरी. ‘दुपारपर्यंतचा वेळ तुमचा, पुढला माझा,’ असा तह झाला.

युस्टनपासून चालत थोड्याच अंतरावर ब्रिटिश लायब्ररीची लाल विटांची इमारत आहे. इंडिया ऑफिसचे दप्तर तेथे आहे. १६०० साली कंपनीला सनद मिळाली तेव्हापासून १९४७ पर्यंतचे हे कागद. त्यांच्या फळ्या एकापुढे एक मांडल्या तर सुमारे १४ किलोमीटर भरतील म्हणतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे सरदेसायांनी ४५ खंड काढले, तेव्हा आपल्याकडच्या फडावरील कारकुनांचे अक्षर जगापुढे आले. या १४ किलोमीटरांतला बहुतेक कागदही कोणा कारकुनानेच कधी तरी स्वच्छ उतरून काढला असणार. आम्ही बाहेरूनच नमस्कार केला व भुयारी गाडीने बँक स्थानक गाठले.

लेडनहॉल रस्त्यावर आज पाहण्यासारखे काही उरलेले नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. ज्या ईस्ट इंडिया हाउसातून हिंदुस्थानचा कारभार चाले, ते कंपनीचे राज्य १८५८ साली गेल्यावर विकले गेले व पाडले गेले. त्या जागी १९८६ पासून लॉइड्स या विमा बाजाराची इमारत उभी आहे. नळ, जिने, पाळणे सारे भिंतींच्या बाहेर. पोटातील आतडी काढून अंगावर पांघरावीत तशी. सौ. म्हणाली, ‘अहो, हिचे बांधकाम अजून पुरे व्हायचे आहे वाटते!’ वास्तुशास्त्रावरील हा अभिप्राय आम्ही खोडून काढला नाही.

आम्ही तेथे गेलो होतो ते चार्ल्स लॅम्बसाठी. कॉलेजात त्याचे निबंध नेमलेले असत तेव्हा ते आम्हाला गोड वाटत, इतकेच. तो कारकून होता हे खऱ्या अर्थाने कळले ते आम्ही स्वतः कारकून झाल्यावर. १७९२ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो याच जागी हिशेबखात्यात चिकटला आणि चहा, नीळ व कापडाच्या लिलावांचे आकडे ३३ वर्षे लिहीत बसला. एकदा वरिष्ठांनी उशिरा येण्याबद्दल हटकले तेव्हा, ‘पण मी जातो किती लवकर, तेही पाहा,’ असे त्याने उत्तर दिले म्हणतात. आमच्या शाखेत हे उत्तर चालावयाचे नाही. निबंध तो लिही रात्री.

नोकरी त्याला सोडता आली नाही याचे कारण घरात होते. १७९६ साली त्याच्या थोरल्या बहिणीने, मेरीने, वेडाच्या भरात आईचा जीव घेतला. लॅम्ब तेव्हा एकवीस वर्षांचा होता. मेरीचा जन्मभर सांभाळ करण्याची हमी त्याने घेतली, ती अखेरपर्यंत पाळली आणि लग्न केले नाही. झटका येण्याची चिन्हे दिसू लागली की दोघे भावंडे हातात हात घालून रडत रडत इस्पितळाची वाट धरीत, असे त्याच्या परिचितांनी सांगून ठेवले आहे.

इंदूरला आमचे धाकटे बंधू आहेत. बारा वर्षे ते मनाच्या दुखण्याने घरीच आहेत व वृद्ध मातोश्री त्यांचे सारे करतात. परदेशची नेमणूक आम्ही मागून घेतली ती जग पाहण्याच्या हौसेने, अशी कचेरीत समजूत आहे, आणि ती आम्ही तशीच राहू दिली आहे. भत्त्यातले पैसे दरमहा कोठे जातात हे आम्हा दोघांनाच ठाऊक. मातोश्रींचे वय आता चौऱ्याहत्तर आहे.

शेजारच्या लेडनहॉल बाजाराच्या छपराखाली आम्ही चहा घेतला. मधल्या सुटीची वेळ होती. विमा कंपन्यांतली तरुण कारकून मंडळी हातात कागदी पेले घेऊन घोळक्याने उभी होती. सौ.ने डबा उघडला. पोळीचा तुकडा मोडता मोडता तिने विचारले, ‘मग त्या बहिणीचे पुढे काय झाले?’

भाऊ १८३४ साली वारला, ती १८४७ पर्यंत जगली, हे आम्ही सांगितले. मागे तेरा वर्षे तिने कशी काढली, हा तिचा पुढला प्रश्न. कंपनीने लॅम्बला १८२५ साली दरसाल ४५० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले होते. त्यातले ९ पौंड बहिणीच्या पुढील तरतुदीसाठी कापले जात व त्याच्या हाती ४४१ येत. तेवढे आम्हास ठाऊक होते.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग डब्याचे झाकण लावीत म्हणाली, ‘आपल्या भाऊजींसाठी तशी तरतूद करता येते का हो?’

‘नियम पाहावे लागतील,’ आम्ही म्हणालो. राजवाड्याकडे निघण्यापूर्वी खिशातल्या टिपणवहीत आम्ही तसे लिहून घेतले.