पाठमोरी माणसं

तानपुऱ्यावर बसणाऱ्याला गायक पाठमोराच दिसतो. मान, कान, जाकिटाची शिवण, पंख्याच्या वाऱ्यानं भुरभुरणारे केस. पुण्यात गाणं शिकणाऱ्या आमच्यासारख्यांनी आपली दैवतं बहुतेक अशीच, मागून पाहिली. समेवर येताना कुणाचा उजवा खांदा आधी उचलला जातो, तार षड्ज लावण्याआधी कुणाच्या कानामागची शीर फुगते, हे मला विचारावं. चेहऱ्यांबद्दल मात्र माझी माहिती बेताची आहे. आणि खरं सांगायचं तर ही मंडळी पाठमोरी असतात तोवर सगळं छान चाललेलं असतं. पंचाईत होते ती त्यांनी मागं वळून बघितलं की.

तानपुऱ्याचं बोलावणं फार साधेपणानं येतं. गुरूंचा दुपारी फोन येतो, "संध्याकाळी बसशील का गं? बुवांची काळी दोन आहे. साडी नेसून ये." एवढंच. ज्यांच्या कॅसेटी ऐकून आपण गाणं शिकायचं ठरवलं, त्यांच्या मागं दोन हातांवर आपण आज बसणार आहोत, हे त्या फोनमध्ये कुठंच नसतं. मग साडीच्या निऱ्या सावरत ग्रीनरूममध्ये शिरायचं, गवसणी उतरवायची आणि तानपुरा जुळवायला घ्यायचा.

हे जुळवणं बाहेरून दिसतं तितकं सोपं नाही. पहिली तार पंचमाची. मालकंस असेल तर पंचम वर्ज्य, म्हणून ती मध्यमाला. मारवा, पूरिया असतील तर निषादाला. मग जोडीच्या दोन तारा, आणि शेवटी खर्ज. आधी खुंट्या, नंतर मणके, आणि सर्वांत शेवटी घोडीवरचा दोरा केसभर मागं-पुढं करत जवारी उघडायची. ती लागली की तार नुसती वाजत नाही, तिच्यातून वरचे स्वर फुटायला लागतात. आणि हे सगळं केल्यावर सभागृहातला एसी सुरू होतो, किंवा रंगमंचावरचे दिवे तापतात, आणि पुन्हा पहिल्यापासून. किशोरीताई आमोणकरांच्या मैफली तानपुरे मनासारखे लागेपर्यंत सुरू होत नसत. लोक कुरकुरत. मी त्या बाबतीत कायम ताईंच्या बाजूची आहे.

या कामाचा एक मोठा फायदा असा, की त्यात बोलायची गरज पडत नाही. बुवा डोळे मिटून बसलेले असतात. "जोडी बघ." "किंचित उतर." "खर्ज ओरडतोय." पुढचं सगळं कान आणि बोटं करतात. एकदा का तार लागली की बुवांची मान हलते, आणि त्या हलण्यात जेवढा संवाद होतो तेवढा मला पुरतो. पण ग्रीनरूमला दार असतं आणि त्या दारातून लोक येतात.

त्या लोकांचं मी वर्षानुवर्षं निरीक्षण केलंय. कुणी कपडे बदलणाऱ्या पंडितजींच्या पायांवर डोकं ठेवतं. कुणी वाफ घेणाऱ्या बाईंना टॉवेलाखालून बाहेर काढून फोटो मागतं. आणि जवळपास प्रत्येकजण तेच वाक्य बोलतो: तुमचा अमका राग ऐकून मी रडलो. यावर त्या गायकानं काय म्हणावं? "बरं झालं" म्हणता येत नाही, "सॉरी" म्हणता येत नाही. म्हणून ते विचारतात, "कुठून आलात?" नाशिकहून, इचलकरंजीहून, डोंबिवलीहून. "अरे वा. लांब आहे." संपलं. आलेला माणूस उलट्या पावलांनी दारापर्यंत जातो आणि बहुधा तबल्याच्या पेटीला अडखळतो. त्याचं काही चुकलेलं नसतं. तो त्यांना वीस वर्षं ओळखत असतो, आणि त्यांच्या लेखी तो आत्ता दारातून आलेला एक मनुष्य असतो. एवढा फरक "नमस्कार" आणि "कुठून आलात" यांच्यामधल्या जागेत कसा मावणार?

मी यातून सुटले असं नाही. एक बुवा होते. त्यांच्या एका खासगी बैठकीचं ध्वनिमुद्रण आमच्या मित्रमंडळात फिरायचं. नकलेची नक्कल, तिचीही नक्कल, त्यामुळं मागं कायम पाऊस पडत असल्यासारखा आवाज. त्यात विलंबित मालकंसात एका जागी बुवा मुखडा उचलायला येतात आणि उचलतच नाहीत. सम जाते. अर्धं आवर्तन ते गप्प. ठेका एकटाच चाललेला. आणि मग मंद्र धैवतावरून असे काही वर येतात की पुढची सम म्हणजे जणू त्यांनीच आत्ता निर्माण केली. त्या अर्ध्या आवर्तनावर आम्ही टिळक रोडवर चहाचे किती कप रिकामे केले असतील! एकजण म्हणायचा, ही किराण्याची स्वरसमाधी. दुसरा म्हणायचा, छे, हा लयीशी केलेला खेळ आहे, आग्र्याकडून आलेला. माझं मत होतं की मौनाचा इतका धीट वापर दुसऱ्या कुणी केलेला नाही.

पुढं त्याच बुवांच्या मागं बसायचा योग आला. राग पुन्हा मालकंसच ठरलेला, पहिली तार मध्यमाला लावलेली, बुवा खुशीत. मी धीर करून ती बैठक काढली. ती जागा गुणगुणून दाखवली. जिथं ते गप्प बसतात तिथं मीही गप्प बसले, पुरतं अर्धं आवर्तन.

बुवांनी आठवायला वेळ घेतला. मग त्यांचा चेहरा उजळला. "ती होय! अगं, कवळी सुटली होती माझी. जिभेनं बसवत होतो."

पेटीवाले इतके हसले की त्यांचा भाता निसटला. तबलजींनी हातोडी खाली ठेवली. बुवाही हसले, मनापासून, आणि मग ती कवळी कुठल्या डॉक्टरांनी केली होती आणि ती पहिल्यापासूनच कशी सैल होती, हे सविस्तर सांगायला लागले. मला त्या क्षणी जे करता येण्याजोगं होतं ते मी केलं. मान खाली घातली आणि आधीच लागलेली जोडी पुन्हा लावत बसले.

ती कॅसेट मी आजही ऐकते. जागा तितकीच सुंदर आहे. फरक एवढाच, की आता तिथं मला दंतवैद्यही ऐकू येतो. पण माझं मत मी बदललेलं नाही. कवळी बसवून झाल्यावर कुठून उचलायचं, हे कवळीनं ठरवलेलं नव्हतं.

गाण्यातलं नेमकं काय ऐकायचं याबद्दल गाणारा आणि ऐकणारा यांच्यात असे घोटाळे होतच असतात, आणि कधी ते हजारो लोकांसमोर होतात. 1 ऑगस्ट 1971ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम झाला. सुरुवातीला रविशंकर, अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखा. वाद्यं जुळवून होताच प्रेक्षागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, एक तुकडा वाजवून झाला. रविशंकरांनी हसून आभार मानले आणि जुळवणं एवढं आवडलं असेल तर वाजवणंही आवडेल अशी आशा व्यक्त केली. त्या कार्यक्रमावरच्या चित्रपटात सगळे रविशंकरांकडं बघतात. मी मागं तानपुरा घेऊन बसलेल्या कमला चक्रवर्तींकडं बघते. आणि दरवेळी वाटतं, जुळवण्याला टाळी मिळाली यात हसण्यासारखं काय आहे? आम्हाला ती एरवी कधी मिळते?

दैवताच्या घरी जाणं हा ग्रीनरूमपेक्षाही अवघड प्रकार. एका ज्येष्ठ गायिकेचा तानपुरा मिरजेहून जवारी काढून आणायची कामगिरी माझ्याकडं आली होती. भोपळा मांडीवर घेऊन एसटीनं परत येताना मी एक प्रश्न घडवत होते. जयपूर घराण्यातल्या एका अनवट रागाच्या चलनाबद्दलचा, अतिशय नेमका, मला वाटत होतं की बाईंना विचार करायला लावील असा. बाईंनी दार उघडलं ते गाऊनमध्ये, हात कणकेनं भरलेले. म्हणाल्या, "खाली गॅसवाला दिसला का?" नव्हता दिसला. मी आत गेले. संधी साधून प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, "ते पुस्तकात आहे की." मग हात धुऊन त्या तानपुऱ्यापाशी आल्या आणि गवसणीकडं बघतच राहिल्या. ही कुणी शिवली? अस्तर कसलं? नाडी आतून घेतलीय की वरून? त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. मला शिवणातलं थोडंफार कळतं, त्यामुळं ते संभाषण खरोखरच चांगलं झालं.

मला वाटतं, ही अवघडलेली अवस्था टाळायचा एकच खात्रीचा मार्ग आहे: समोरचा कोण आहे हे आपल्याला ठाऊकच नसणं. मोगूबाई कुर्डीकरांचं असंच झालं म्हणतात. सांगलीत औषधोपचारासाठी आलेले अल्लादियाखाँ त्या पोरसवदा मुलीचा रियाज ऐकून तिच्या घरी येऊन बसायला लागले, शिकवायलाही लागले. हे वयस्कर गृहस्थ म्हणजे कोण, हे मोगूबाईंना कळलं ते नंतर. आधी कळलं असतं तर त्यांच्या तोंडून आवाज फुटला असता का, कोण जाणे. भीमसेन जोशींच्या बाबतीत याच्या उलट किस्सा सांगतात. गुरूच्या शोधात घर सोडून भटकताना ते काही काळ कलकत्त्यात पहाडी सन्याल या नटाकडं पडेल ते काम करत होते. पुढं भीमसेनअण्णा नावारूपाला आले, कलकत्त्यात गायले, आणि सन्याल कौतुक करायला गेले ते आपल्या घरात वावरलेल्या पोराला न ओळखताच. ओळख अण्णांनीच करून दिली. त्या खोलीत जास्त अवघडलं कोण असेल, हे ठरवणं मला आजवर जमलेलं नाही.

आता तानपुऱ्यावर माझ्या शिष्या बसतात. त्यांना पाठवताना मी बजावून सांगते. दोरा आणि ब्लेड जवळ ठेव. मोबाइल पर्समध्ये, पर्स बाहेर. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि स्तुती तर मुळीच करायची नाही, त्यांना तिचं ओझं होतं. काम घेऊन जा, काम करून ये.

मागच्या हिवाळ्यात एकीला अशीच पाठवली. तिनं तार लावता लावता त्या मोठ्या गायकांना सांगून टाकलं की तुमचा मागच्या वर्षीचा पूरिया मला आवडला नाही, धैवत फार ठोकला जात होता, मारव्याचा वास येत होता. मी दारातच उभी होते. आता पोरीचं काय होतंय, अशा विचारानं माझे हात गार पडले. गायक तिच्याकडं वळले. पूर्ण वळले. तिला समोर बसवलं, धैवत लावून दाखवला, तिच्याकडून लावून घेतला, मध्येच "हं, त्या दिवशी चढा होता खरा" असंही म्हणाले. कार्यक्रम पंचवीस मिनिटं उशिरा सुरू झाला.

त्यांच्या मागं मी किती मैफलींना बसले असेन, हिशेब नाही. त्या दिवशी त्या गडबडीत त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं. हात जोडून, अगदी आदरानं त्यांनी विचारलं, "आपण कुठून आलात?"