मुक्तद्वार आणि वाढपी

मुक्तद्वार भोजनास जेवणारे बोलावल्यावांचून येतात. वाढपी तसे येत नाहींत. संगणकाच्या जगांतील 'मुक्त स्रोत' या उद्योगाची अडचण नेमकी हीच आहे. तेथें आज्ञावली मुळासकट उघडी ठेवितात. कोणींही ती वाचावी, वापरावी, सुधारावी. फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स नामक विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सचा आरंभ केला, त्यास पुढें हजारों हात लागले. हें भाग्य सर्वांच्या वांट्यास येत नाहीं. माझ्या एका माजी विद्यार्थ्यानें मराठी शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली रचून अशीच खुली केली. वापरणारे पुष्कळ झाले, हातभार लावणारा एकही नाहीं. "लोकांना फुकटचें हवें असतें, सर," असें म्हणून तो काम सोडण्याच्या गोष्टी बोलूं लागला.

लोकांवरील हा आरोप मला पटत नाहीं. आणि न पटण्याचें कारण आमच्याच अरण्यप्रदेशांत आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गांवास २००९ सालीं वनहक्क कायद्यान्वयें सुमारें १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्यें बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. वर्तमानपत्रांतून गाजलें तें एवढेंच. त्यामागील अनेक वर्षांची तयारी मला अधिक मोलाची वाटते. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या खटपटीनें तेथें अभ्यासगटाची रीत रुजली. निर्णय ग्रामसभा करते, आणि तोही बहुमतानें नव्हे, सर्वसहमतीनें. एकाचा विरोध असला तरी विषय थांबतो. (आम्हां प्राध्यापकांच्या समित्यांना हें अजून साधलेलें नाहीं.) अभ्यासगटास मात्र निर्णयाचा अधिकार मुळींच नाहीं. तेथें गांवकऱ्यानें बसावें, बाहेरच्या जाणत्यानेंही बसावें, आणि कायदा, जंगल, हिशेब यांचा खल करावा. हरण्याजिंकण्यासारखें कांहीं नसल्यामुळें अजाणानें प्रश्न विचारण्यास संकोच उरत नाहीं.

लिनक्सच्या मंडळींत सर्वसहमति नसते. कोणता बदल घ्यावयाचा तें मोजके राखणदार ठरवितात. परंतु चर्चा उघड चालते, आणि बदल कां नाकारला तें कोणासही वाचतां येतें. निर्णयाची रीत निराळी असली तरी कारणें पाहण्याची व शिकण्याची जागा दोन्हींकडे आहे.

माझ्या विद्यार्थ्याकडे ती नव्हती. खोदून विचारतां कळलें कीं, आरमोरीकडील एका शिक्षकानें झाडीबोलींतील पन्नासेक शब्द कौतुकानें पाठविले होते. यानें ते अशुद्ध ठरवून, न कळवितांच वगळले! म्हणजे वाढपी दाराशीं आला होता. पुन्हां तो कशास येईल?

मुलगा हट्टी, पण समजूतदार आहे. त्यानें त्या गृहस्थांस पत्र घातलें. आतां महिन्यांतून एकदां पांचसहा मंडळी शब्दांची यादी पुढें घेऊन बसतात. शब्द ठेवावयाचा कीं नाहीं तें शेवटीं तोच ठरवितो, पण कारण लिहून ठेवितो. त्या पन्नासांपैकीं किती टिकतील यावर वाद चालूच आहे. शिक्षक पुढल्या बैठकीस आणखी एक यादी आणणार आहेत.